पेपर लावणी, रात्रीची लाईट आणि सुयांवरचं काम



बागेची नोंद आधी देते, कारण तेवढ्यासाठीच तुम्ही इथं येता.

थॉम्सनच्या प्लॉटची छाटणी १४ ऑक्टोबरची. आज ९३ दिवस झाले. मण्यात पाणी उतरायला सुरुवात झालीय. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे. पहाटे बोटं वळत नाहीत आणि दुपारी डोक्यावर ऊन. एवढा फरक पडला की पिंक बेरीची भीती, म्हणून चार दिवस झाले घडांना पेपर लावतोय. यंदा पेपर कमी लागले, कारण घडच कमी आहेत. २०२५ च्या मे महिन्यात जो पाऊस लागला तो हटायलाच तयार नव्हता. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायचे नेमके तेच दिवस, आणि ऊन नाही. ऑक्टोबरला फुटी निघाल्या तेव्हा घडाच्या जागी बाळ्या. आम्ही एरवी विरळणी करून झाडाला तीसेक घड ठेवतो. यंदा दहा ओळींतली झाडं मोजली, सरासरी ११ भरली. औषधं आणि मजुरी मात्र पूर्ण बागेचीच लागली.

बाग ही अशी आहे. आता दुसरी नोंद.

मागच्या एका फोटोत स्टार्टरच्या पेटीवर लोकरीचा गुंडा दिसला, तेव्हापासून बरेच जण विचारतायत, ताई हे काय? तर मी विणते. सातवीत कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी शिकवलं. तेव्हा सुया विकत घ्यायची ऐपत नव्हती, भावाच्या मोडक्या सायकलच्या तारा घासून त्यावर शिकले. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षं हातात सुई धरली नाही. परत धरली ती रात्रीच्या लाईटमुळं.

आमच्याकडं शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. नदीकाठचा ऊस जवळ, बिबट्याचा वावर नेहमीचा, त्यामुळं रात्री एकट्यानं जायचं नाही असा घरात नियम केलाय. मालक व्हॉल्व्ह बदलतात, मी मोटारीच्या खोलीत दार लोटून बसते. नुसतं बसलं की झोप येते, मोबाईल बघितला की डोळे दुखतात. मग एकदा बाजारातून लोकर आणली. अंधारात डिझाइन जमत नाही, पण सरळ ओळी डोळे मिटूनही होतात. ठिबकचा एक व्हॉल्व्ह तासभर चालतो, तेवढ्यात माझ्या आठ ओळी होतात. मालक विचारतात, "किती राहिलं?" मी सांगते, "तीन ओळी." त्यांना कळतं.

सध्या सुयांवर तीन कामं आहेत. तीन एकाच वेळी घेऊ नयेत असं बाई सांगायच्या. पण एकाच पिकावर बसू नये हेही आपण ऐकतोच की.

पहिलं काम लेकीच्या बाळासाठी. तिला आठवा महिना लागलाय. टोपडं झालं, एक मोजा झाला, दुसऱ्याची टाच चालू आहे. बाळाच्या कपड्याला लोकर मऊ बघून घ्यायची, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतली बाजू. सुटे धागे लांब राहिले तर बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात आणि बोट सुजेपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून मी मोजे उलटे करून प्रत्येक धागा सुईनं आत ओवते आणि स्वतःचं बोट घालून फिरवून बघते. जाळीची नक्षी बाळाच्या मोज्यावर कितीही छान दिसली तरी नको, बोट भोकात अडकतं. लेक म्हणते, "आई, दुकानात तयार मिळतं." मिळतंच. मी कुठं नाही म्हणते?

दुसरं काम हौसेचं आणि जवळपास फसलेलं. कांदा लागवडीआधी रानात मेंढ्या बसवल्या होत्या. त्या वाड्यातल्या आजी चालता चालता तकलीवर लोकर कातत होत्या. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण अंगावरचा कपडा म्हणाल तर टोचते. मी हट्टानं त्यांच्याकडून थोडं सूत घेतलं आणि मफलर विणायला घेतला. हातभर झाल्यावर गळ्याला लावून बघितला, तर मान लाल. आता त्याचंच मोटारीच्या खोलीतल्या लोखंडी खुर्चीवर टाकायला आसन करतेय. थंडी खालून येत नाही आणि ओलंही लवकर होत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मफलरचं बसकूर केलंस, बरं केलंस." आजींना पुढच्या वर्षी दाखवीन. लोकरीला भाव नाही म्हणून कातरणीची मजुरीही निघत नाही, असं त्या सांगत होत्या. वर्षातून दोनदा कातरावं तर लागतंच. यावर कुणी काही करत असेल तर मला खरंच ऐकायचंय, पण तो विषय वेगळा आहे.

तिसऱ्या कामासाठीच आज लिहायला बसले.

मालकांचा बिनबाह्यांचा स्वेटर. मागच्या थंडीत सुरू केला होता. पाठीचा भाग काखेपर्यंत झाला आणि फेब्रुवारीत काढणी आली, तो ट्रंकेत गेला. यंदा डिसेंबरात बाहेर काढला. वहीत माप लिहिलेलं होतं: छाती ४०, नऊ नंबरची सुई, इंचाला पाच टाके, १०६ टाके. मी औषधांची वही आणि विणकामाची वही एकच ठेवते, त्यामुळं त्या पानावर खाली भुरीच्या फवारणीचाही हिशेब आहे.

काखेचे टाके कुठं कमी करायचे ते बघायला विणलेला भाग त्यांच्या पाठीला लावला. तो दोन्हीकडून बाहेर येत होता.

आधी वाटलं, माझा हात सैल पडला. नवख्या हाताचं तसं होतं. मन लागलं नाही की टाका ढिला पडतो. पट्टी लावून मोजलं, इंचाला पाचच टाके. तीन ठिकाणी मोजलं, पाचच. ब्रिक्सचं रीडिंग चुकीचं वाटलं तर आपण आधी मीटर पाण्यानं शून्यावर आणून बघतो, तसं केलं म्हणा. मीटर बरोबर होता. मग टेप घेऊन त्यांचीच छाती मोजली. साडेछत्तीस.

"हलू नका, परत मोजते," म्हटलं.

"अगं, काम किती आहे बघतेस ना. वजन उतरणारच."

परत साडेछत्तीसच भरली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. साडेतीन इंच म्हणजे थोडं नाही. माणूस रोज समोर जेवतोय, शेजारी झोपतोय, आणि मला दिसलं नाही. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं मी बघितलं होतं. जुना पट्टा सैल झाला असेल, एवढंच डोक्यात आलं. घड मोजत होते मी दहा ओळींतले.

आणि मंडळी, खरं सांगते, माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते तुमच्याही आलं असेल. यंदाचं साल, सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी. ते रात्री तीन-तीनदा उठायचे. विचारलं की म्हणायचे, "लाईट आली का बघतो." दिवसाच्या लाईटचा आठवडा असला तरी उठायचे. मी टेन्शन समजून गप्प बसले. विचारलं तर अजून त्रास होईल म्हणून विषयच काढला नाही. आपल्याकडं असंच करतात. घरातली सगळी माणसं एकमेकांना जपत गप्प बसतात.

टेप हातात होता म्हणून विचारता आलं. सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "अहो, रात्री खरंच लाईटसाठी उठता का?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लघवीला. आणि तहान लागते. तांब्याभर पाणी पितो तरी भागत नाही."

"किती दिवसांपासून?"

"पाऊस चालू होता तेव्हापासून असेल."

म्हणजे पाच-सहा महिने. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तालुक्याला नेलं. यायला तयार नव्हते, डिपिंगची कामं राहिलीत म्हणत होते. उपाशीपोटीची साखर २६८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, ती ११.२. डॉक्टर म्हणाले, साडेसहाच्या पुढं गेली की मधुमेह समजायचा, तुमची तर केव्हाची गेलीय.

घरी येताना गाडीवर मालक एवढंच बोलले, "मण्यातली साखर एक दिवसाआड बघतो मी." पुढं काही बोलले नाहीत. मीही हसले नाही.

टेन्शन नव्हतं असं मी म्हणणार नाही. आहेच. पण तेवढंच आहे असं धरून आम्ही दोघांनी अर्धं वर्ष घालवलं. वजन उतरणं, सारखी तहान, रात्री उठणं ही मधुमेहाची अगदी ओळखीची लक्षणं आहेत, हे मलाही माहीत होतं. दुसऱ्याच्या घरात असतं तर मीच सांगितलं असतं.

डॉक्टरांनी तळपाय तपासले. बारीक दोरा पायाला लावून विचारत होते, लागतंय का. डाव्या अंगठ्याखाली एका जागी त्यांना कळलं नाही. आता हे शेतकऱ्याला किती अवघड आहे बघा. चिखलात अनवाणी चालणारा माणूस, काटा मोडला तर घरी येऊन सुईनं काढणारा. त्यांना सांगितलं, यापुढं रानात अनवाणी नाही, रोज रात्री तळपाय बघायचे, दिसत नसेल तर बायकोला बघायला सांगायचं. आणि मोजे घट्ट नकोत, आत शिवण नको.

ते शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं असं मी धरलं.

म्हणजे सुयांवरची कामं तीन सांगितली, पण खरी चार आहेत. मोजे चार सुयांवर गोल विणले की कुठंच शिवण येत नाही. बाळाच्या मोज्याला शेवटी बोटांकडं टाके जोडते, तसेच इथंही जोडते. फक्त गाठ आत ठेवत नाही. वरच्या पट्टीला दोन सुलट दोन उलट, पण टाके एका जाड सुईवर घालायचे म्हणजे तोंड सैल राहतं. इलास्टिक अजिबात नाही. पूर्ण लोकरीचे केले तर गमबुटात पाय घामानं भिजतील, म्हणून घरात घालायला लोकरीचे आणि रानासाठी सुती धाग्याचे. सुती धागा हाताला कोरडा लागतो, ताणला की परत येत नाही, विणायला मजा नाही. एक जोड झाला. पहिल्या दिवशी घालून आल्यावर उलटे करून बघितले, करंगळीपाशी एक टाका टोचत असावा, तिथं लालसर झालं होतं. उसवला आणि परत केला.

स्वेटरचं मात्र काय करायचं हा प्रश्न होता. अर्धी पाठ तयार, चाळीसच्या मापाची. आत दुमडून शिवता आला असता. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तसाच, औषध लागू पडलं की अंग धरेल." मला तो मोठ्या मापाचा स्वेटर ट्रंकेत ठेवून वाट बघायची नव्हती. थंडी आत्ता आहे. सगळा उसवला.

उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिच्या लच्छ्या केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि खाली वजन अडकवून सावलीत वाळत टाकल्या. वजन म्हणून ठिबकचे जुने पितळी व्हॉल्व्ह. मांडवाच्या तारेवर त्या निळ्या लच्छ्या बघून पेपर लावणाऱ्या बायका विचारत होत्या, हे कुठलं नवीन औषध?

आता ९८ टाके घातलेत. बॉर्डर झाली, वर चार बोटं झाली. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले, उपाशीपोटीची साखर परवा १४१ आली. भात कमी, बाजरीची भाकरीही मोजून, चहात साखर नाही. ती एक गोष्ट त्यांना फार जड जातेय. रात्री उठतात ते एकदाच.

बागेचं काय करायचं यावरही बोलणं सुरू झालंय. दोन एकर ठेवायचं की एक एकर तोडायचं. ते ठरलं की लिहीन, खर्चासकट.

या आठवड्यात लाईट रात्री दहाची आहे. चार व्हॉल्व्ह म्हणजे बत्तीस ओळी. एवढ्या होणार नाहीत, मध्ये एकदा त्यांना खोलीत बसवून व्हॉल्व्ह मी बदलणार आहे. घड उद्या दुपारपर्यंत झाकून होतील.