दोन प्रुफं फुकट

माझ्या प्रत्येक कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसरीपासून वेगळे पैसे. फ्रीलान्स काम करणाऱ्या मोशन डिझायनरला हे कुठलाही कोर्स शिकवतो. मी ते शिकले पुण्यात, अप्पा बळवंत चौकामागच्या एका डीटीपीच्या दुकानात. भिंतीवर पाटी होती, 'दोन प्रुफं फुकट. तिसऱ्याचे पैसे पडतील.' अक्षर दुकान चालवणाऱ्या काकूंचं.

त्यांच्याकडे मला नेलं ते आफ्टर इफेक्ट्सनं. हे सॉफ्टवेअर १९९३ सालचं, पण मी कामाला लागले तेव्हाही आमच्याकडच्या आवृत्तीत युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरांचे पाय मोडायचे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसायची. 'विक्री' वाचताच येत नसे. बरेच स्टुडिओ मग सरळ इंग्रजी मजकूर वापरत, किंवा मराठी मजकुराचं स्थिर चित्र चिकटवून मोकळे होत. माझ्या हातात एका मसाल्याच्या कारखानदाराची फिल्म होती आणि त्यांना अक्षरं हलायला हवी होती.

काकू श्रीलिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची पानं लावायच्या. त्यांनी माझा मजकूर टाइप करून दिला. मी त्याच्या आउटलाइन्स काढून एकेक तुकडा हलवायला घेतला. पडद्यावर 'क्षि'ची वेलांटी एकटीच डावीकडून उडत येताना पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ही कुणाची? हिचं अक्षर कुठंय?" मग समजावलं की वेलांटी, काना, रफार ही अक्षराचीच अंगं, हलवायचं तर अख्खं अक्षर हलव. पुढे आफ्टर इफेक्ट्समध्ये भारतीय लिप्यांसाठी सोय आली आणि अक्षरं नीट जुळायला लागली. पण काय एकत्र हलवायचं आणि काय सुटं, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं.

शिरोरेषेची युक्तीही त्यांचीच. शाळेत आपण आधी अक्षरं लिहितो आणि शब्द पुरा झाला की वरून रेघ ओढतो, तसंच का करत नाहीस, असं त्यांनी विचारलं. मी रेघ अक्षरांपासून कापून वेगळ्या लेयरवर घेतली. अक्षरं एकेक करून खाली येऊन बसली आणि शेवटी रेघ डावीकडून उजवीकडे धावत शब्द बांधत गेली. कारखानदारांनी ती फिल्म आईला दाखवली. मसाल्याला नाव आईचं होतं. म्हातारीनं हवेत बोटानं तशीच रेघ ओढली म्हणे. त्यांची पुढची कामं मला न मागता मिळाली, आणि दर वाढवून.

वेळेचा हिशेबही काकूंकडचाच. प्रूफ तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, दुसरा छापलेल्यावर नजर ठेवतो. माझ्या फिल्मची प्रत त्या तशीच वाचत. त्यांची ओळ संपायच्या आत पडद्यावरची गेली की हात वर व्हायचा. तेव्हापासून प्रत्येक ओळ मोठ्यानं दीडदा वाचून होईपर्यंत मी ती ठेवते. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर चार सेकंदांच्या शंभर होतात, आणि नव्या मुलांना तेवढ्यानंही घाबरायला होतं. प्रेक्षक कंटाळेल, म्हणतात. गिऱ्हाइकाला मात्र आपलं वाक्य पुरतं वाचता आल्याचा आनंद काय असतो, हे मी मीटिंगांमध्ये पाहिलंय. चकचकीत ट्रान्झिशनला कुणी टाळी दिल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट त्यांच्यामुळे मला पटली, तरी इतरांना पटवता आलेली नाही. काम हाती घेताना काकू पहिल्यांदा विचारत, "वाचणार कोण?" पत्रिका वाचणारे आजोबा असतील तर टाइप मोठा, बायोडेटा असेल तर नेटका. मी तेच विचारते: फिल्म बघणार कोण, कुठे, आवाज चालू असेल का? एका पतसंस्थेची फिल्म शाखेतल्या टीव्हीवर मुक्यानंच चालणार होती. मी निवेदनाचा खर्च कापून तो पैसा अक्षरांवर लावायला सांगितलं. व्यवस्थापक चक्रावले, स्वतःचं बिल कमी करणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. त्यांनीच पुढे दोन संस्थांना माझा नंबर दिला.

बाकीची गिऱ्हाइकं काकूंच्या बाकावरून आली. पत्रिका छापायला आलेल्या माणसाला त्या आपल्या फोनवर माझी फिल्म दाखवायच्या आणि "ही आमची पोरगी" म्हणायच्या. त्याचं कमिशन देऊ केलं तेव्हा कमालीच्या रागावल्या. मी त्यांचं किती देणं लागते याचा आकडा मांडायला बसले की मला माझाच हिशेब जमत नाही.

दुकान आता बंद आहे. काकू मुलाकडे नाशिकला असतात. मी कोटेशनमध्ये 'संहिता-तपासणी' अशी वेगळी ओळ घालते, आणि ती रक्कम गिऱ्हाईक थेट त्यांच्या खात्यात भरतं. मागे एका मोठ्या कंपनीच्या खरेदी-विभागानं ती ओळ काढायला सांगितली. मी माझ्या अ‍ॅनिमेशनच्या दरात सूट दिली आणि ओळ तशीच ठेवली. काकूंनी त्या कामाचं तिसरं प्रूफही तपासलं, आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे त्याचे पैसे लावले.