पगाराच्या स्लिपवरची कपात

बहात्तरच्या दुष्काळात ज्यांच्या चुलीवर मिलो शिजला, त्यांना त्याचा रंग सांगावा लागत नाही. अमेरिकेतून आलेली ती लालसर ज्वारी. भाकरी थापताना चिरायची आणि आजी करवादायची, "जनावरं तोंड लावंनात, आन् आपण खायाची." दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. ती आम्हा पोरांना मनापासून आवडायची. मोठ्यांसमोर तसं बोलायची सोय नव्हती.

आमच्यासारख्या कितीतरी घरांचा एक पाय गावात होता, एक शहरात. काका-काकू खडी फोडायला, नाहीतर पाझर तलावाच्या मातीकामावर. आप्पा कारकून. 1975 च्या कायद्याने आप्पांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो रोजगार हमीसाठी. म्हणजे एका भावाच्या स्लिपवरून निघालेला पैसा दुसऱ्या भावाच्या मस्टरवर. दिवाळीला घर भरलं की त्यावरून जुंपायचीच.

"आमचं कापून खड्डे खणायचे, पावसाळ्यात ते बुजायचे!" इति आप्पा. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्याबद्दल त्यांना आदर होता, 1969 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी केलेल्या प्रयोगाचं ते कौतुकही करत. राग होता तो मुकादमावर आणि मस्टरवरच्या खोट्या नावांवर. खोटी नावं काकाही नाकारत नसत. "पण त्यात माझं खरं नाव असतंय ना? सावकाराच्या उंबऱ्यावर बसावं लागत नाही," एवढंच म्हणत. मागेल त्याला काम, हा कायद्याने हक्क झाला 26 जानेवारी 1979 पासून. काकांनी तो आधीच गृहीत धरला होता.

मला आज खरा मुद्दा काकूचा वाटतो, आणि तिला कुणी विचारत नसे. शेतावर बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी. इथं मोजमापावर दाम, दर दोघांना एकच. "पगार माझ्या हातात पडतो," ती भांडी घासता घासता म्हणाली होती. वादात हे वाक्य कुणी धरलंच नाही.

आता भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवरून तेच चालू असतं. फुकटचा पैसा, आमचा टॅक्स, वगैरे. परवा काकूच्या मुलीने विचारलं, "तुमच्या स्लिपवर दरमहा दोनशे कापतात, तो कर मुळात कशासाठी लावला होता, सांगा बरं." नोकरदार भावांपैकी एकालाही सांगता आलं नाही.