बाकावर बसलेली अम्मी आणि वरळीचे विज्ञान केंद्र

मुंबईत पाहुणे आले की त्यांना हाजी अली दाखवतात, राणीची बाग दाखवतात, संध्याकाळी चौपाटी असतेच. हाजी अलीपासून रेसकोर्सच्या पलीकडे, वरळीच्या डॉ. ई. मोझेस मार्गावर नेहरू विज्ञान केंद्र आहे. तिकडे मात्र शाळेची सहल गेली तरच पाय वळतात. महालक्ष्मी स्टेशनापासून तिथे चालत जाता येते. वरळीतच नेहरू तारांगणही आहे आणि नावामुळे बरेच जण दोन्हींना एकच समजतात. दोन्ही ठिकाणे वेगळी आहेत, एवढे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नका’ ही पाटी आठवते. विज्ञान केंद्रात याच्या उलट असते. इथे हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. ही पद्धत जुनी आहे. जर्मनीत म्युनिक शहरात ओस्कार फॉन मिलर यांनी १९०३ साली एका मोठ्या तंत्रसंग्रहालयाचा पाया घातला. तिथे लोक स्वतः बटण दाबून यंत्र चालवून पाहत. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँक ओपेनहायमर यांनी ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले. ते भौतिकशास्त्रज्ञ होते आणि काही काळ एका छोट्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. एका शिक्षकाचा अनुभव त्या जागेमागे आहे, याचे मला शिक्षिका म्हणून विशेष वाटते.

आपल्याकडे कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झाले. १९६५ पासून त्याची प्रदर्शने बसमध्ये बसून गावोगाव जाऊ लागली. वरळीत सुरुवात १९७७ मध्ये ‘प्रकाश आणि दृष्टी’ या प्रदर्शनाने झाली. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मोकळ्या जागेत विज्ञान उद्यान उभे राहिले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. उद्यानात वाफेचे इंजिन आहे, मुंबईच्या रस्त्यांवरून कधीच गेलेली ट्राम आहे, भारतात बनलेले ‘मरुत’ लढाऊ विमान आहे.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलांना फलकावरचे मराठी वाचता येते, पण वेळ लागतो. कप्पीला मात्र कोणाचे माध्यम लागत नाही. खुर्चीवर बसून दोर ओढायचा आणि स्वतःलाच वर उचलायचे, या खेळापाशी सगळ्यांत जास्त गर्दी होती. मुलगे पुढे घुसले, मुली दुपट्टे सावरत मागे उभ्या राहिल्या. सोबत आलेल्या तीन-चार अम्मी तर झाडाखालच्या बाकावर डबे आणि पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. “टीचर, तुम्ही न्या पोरांना, आम्हाला काय कळणार त्यातलं,” असे त्यांचे म्हणणे.

मी मुलींची वेगळी रांग केली आणि एका अम्मींना आग्रहाने उठवून आणले. त्यांनी दोर ओढला, हसल्या, पुन्हा ओढला. मग म्हणाल्या, “आमच्या विहिरीवर एकच कप्पी आहे, तिथं हंडा जड लागतो. इथं मी माझं मला उचलतेय. पण दोर बघा किती ओढावा लागतोय, संपतच नाही!”

माझ्या पुस्तकातला धडा त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. भार चार दोरांवर वाटला गेला की घर्षण सोडून जोर चौथा हिस्साच लागतो, पण एक फूट वर जायला चार फूट दोर ओढावा लागतो. जोरात वाचवलेले लांबीत भरावे लागते, फुकट काही मिळत नाही. त्यांची लेक त्यानंतर रांगेतून हलेना. दर वेळी किती दोर हातात आला, हे ती वितीने मोजत होती.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे. यंत्र कितीही चांगले असो, बटण दाबून दिवा लागला की मूल पुढे पळते. ते थांबते केव्हा? शेजारी कोणी तरी “आता काय होईल, सांग बघू?” असे विचारते तेव्हा. हे विचारायला डिग्री लागत नाही. कुकरची शिट्टी, विहिरीची कप्पी, शिलाई मशीनचा पट्टा रोज हाताळणाऱ्या अम्मीकडे विज्ञान भरपूर असते. फक्त तिने बाकावरून उठायला हवे.

म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: सगळी दालने एका दिवसात उरकू नका. पाच-सहा गोष्टी निवडा आणि तिथे रेंगाळा. बटण दाबण्याआधी मुलाला अंदाज करू द्या, चुकला तर हसू नका. वहीत फलक उतरवून घ्यायला लावू नका. मुलींना पुढे उभे करा. नागपूरकडच्या वाचकांना रामन विज्ञान केंद्र जवळ आहे, पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे.

ज्यांना कुठेच जाणे जमत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’ लिहिताना अंधाऱ्या खोलीचाच उपयोग केला. छोट्या भोकासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. खोलीत भिंतीवर दिव्यांइतकेच ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे तसेच राहिले. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एका दिव्याचा प्रकाश दुसऱ्यात मिसळून बिघडत नाही, हे त्यांनी असे करून दाखवले.

रात्री घरातले दिवे बंद करून हे आपणही करू शकतो. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा, समोर दोन मेणबत्त्या शेजारी-शेजारी ठेवा, मागे पांढरा कागद धरा. मग मुलीला विचारा, डावीकडची मेणबत्ती विझवली तर कोणता ठिपका जाईल, डावीकडचा की उजवीकडचा? उत्तर तुम्ही सांगू नका. मेणबत्ती तिलाच विझवू द्या.