उंदराला मांजर साक्ष!

पुण्यात आमच्या वाड्यात मांजर होतं ते उंदरांसाठीच. पर्थला प्रोजेक्टवर आल्यावर बायकोने हौसेने मनी पाळली. दिवसभर सोफ्यावर, रात्री बाहेर भटकंती. आपलं काय जातंय, असं वाटायचं. मग लाँग वीकएण्डला शार्क बेला गेलो.

पर्थपासून डेनहॅम सुमारे ८३० किलोमीटर. सरळसोट रस्ता, गाडीत किशोरकुमार. मंकी मियाचे डॉल्फिन झाले, पांढराशुभ्र शेल बीच झाला आणि बोटीने डर्क हार्टॉग बेट गाठलं.

"इथे एकही मांजर नाही, २०१८पासून!" गाइड अभिमानाने म्हणाला. का? तर उंदरांसाठी! मला हसूच फुटलं.

हे उंदीर म्हणजे जूंगारी. गुबगुबीत, लांब केसांचे, इथले मूळ रहिवासी. एकेकाळी ऑस्ट्रेलियाभर पसरलेले, शेवटी उरले फक्त उत्तरेच्या बर्नियर बेटावर.

पण दोष मांजरांचाच कशावरून? मनीची वकिली मी सुरू केली. मेंढ्या-शेळ्यांनी रान खाल्लं असेल! गाइड म्हणाला, बर्नियरवरही १९८०च्या दशकापर्यंत शेळ्या होत्या, तरी उंदीर टिकले. मांजरं तेवढी नव्हती.

मग कोल्हे? त्याचंही उत्तर तयार. नामशेष झालेला गूल्डचा उंदीर म्हणजे जूंगारीच, हे २०२१मध्ये म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून कळलं. पूर्वेकडे त्याचे शेवटचे नमुने मिळाले १८५०च्या दशकात. कोल्हे पसरले त्यानंतर. मांजरं मात्र गोऱ्यांबरोबर १७८८लाच आलेली!

रंगेहाथ कुणी पकडलेलं नाही. या बेटावरून मांजरांबरोबर मेंढ्या-शेळ्याही काढल्या, म्हणजे श्रेय एकट्या मांजरबंदीला देता येत नाही. आग, रोगराई यांचाही वाटा असू शकतो. पण मांजरं गेल्यावरच, २०२१मध्ये, जूंगारी इथे आणून सोडले. माझी केस ढिली पडली, बॉस.

उंदीर काही दिसले नाहीत. ते रात्रीचे बाहेर पडतात. आमच्या मनीसारखेच.

पर्थला जूंगारी नाहीत, पण क्वेंडा नावाचे छोटे प्राणी झुडपांत असतात. घरी आलो, मागच्या अंगणाला जाळी लावली. मनी दोन रात्री रडली, बायको तीन दिवस बोलली नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं सोपं, बायकोला पटवणं अवघड!

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबर गाठा. उन्हाळ्यात नुसती होरपळ.