तेलाची पारख

महाग ती वस्तु चांगली, हा सिद्धांत आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत वरचेवर चर्चिला जातो, आणि निकाल बहुधा दुकानदाराच्या बाजूनें लागतो. औषध असो, शाळा असो, किंवा साधें तेल असो, ज्या डब्यावरचा आंकडा मोठा तो उचलला कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपणांस वाटतें. मोटारीच्या गिअरपेटींत घालावयाच्या तेलाच्या निमित्तानें या सिद्धांताची परीक्षा पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. विषय रुक्ष आहे हें खरें. परंतु ज्या वाहनांत आपण आपलीं मुलेंबाळें बसवितों, त्याच्या पोटांत काय चालतें हें जाणण्याचा सुज्ञ वाचकांस कंटाळा नसावा.

आमची गाडी म्हणजे एक जुनी प्रीमिअर पद्मिनी. या जातीच्या टॅक्सींनीं मुंबईच्या रस्त्यांचा निरोप ऑक्टोबर २०२३ मध्यें घेतला. हौसेनें जतन केलेल्या कांहीं खाजगी गाड्या मात्र अद्याप धांवतात. मूळच्या पद्मिनीस गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालगत असे. शेवटीं शेवटीं कारखान्यानेंच कांहीं गाड्यांस निस्सान पद्धतीची, तळांतून दांडा वर येणारी गिअरपेटी बसविली होती. आमच्या गाडीच्या पूर्वीच्या मालकांनीं तशीच पेटी मागाहून बसवून घेतली. अशा फेरफार केलेल्या गाडीची अडचण ही कीं, तिच्यासोबतचें माहितीपुस्तक जुन्या पेटीविषयीं बोलतें आणि नव्या पेटीविषयीं मौन धरतें. शहरांतील एका दुरुस्तीच्या कारखान्यांत तिच्यांत 'वरच्या दर्जाचें' म्हणून जीएल-५ जातीचें तेल घालण्यांत आलें. तेव्हांपासून दुसरा गिअर टाकतांना खरखर होऊं लागली, व कधीं कधीं तो पडेचना. घाटाच्या उतारावर दुसऱ्या गिअरचा भरंवसा नसणें म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणें होय. आणि मागच्या बैठकीवर तर आमच्या वृद्ध मातोश्री बसावयाच्या!

एका जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून आम्ही गाडी चौक येथील एका मिस्त्र्यांकडे नेली. चौक हें मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोंकाचें कोळ्यांचें गांव. वसईच्या मोहिमेंत, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, ज्या धारावीच्या किल्ल्यासाठीं मराठे व पोर्तुगीज झुंजले, त्याचे अवशेष येथेंच आहेत. दिवस पावसाळी मासेमारीबंदीचे होते. बोटी किनाऱ्यास विसांवल्या होत्या, आणि त्यांच्या गिअरपेट्या ताडपत्रीखालीं उघडून ठेविल्या होत्या.

पान्यास हात लावण्यापूर्वीं मिस्त्र्यांनीं एक परीक्षा केली. इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून, पांच सेकंद थांबून त्यांनीं मागचा गिअर टाकला. तो निमूटपणें पडला. त्या वेळीं खरखर झाली असती, तर क्लच नीट सुटत नाहीं असें ठरलें असतें. तरीही क्लचच्या आवरणाखालीं तेलाचा थेंब दिसल्यामुळें त्यांनीं पेटी उतरविली. थेंबास गंधकाचा उग्र दर्प होता. अर्थात् तें इंजिनाचें तेल नसून गिअरपेटीच्या पुढच्या सीलमधून झिरपलेलें होतें. मग क्लच प्लेटचें अस्तर रिव्हेटांच्या वर किती उरलें आहे, त्यास तेल लागलें आहे काय, मधल्या स्प्रिंगा सैल आहेत काय, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग आहेत काय, बेअरिंग हातानें फिरवितांना खरबरीत लागतें काय, हें सर्व त्यांनीं क्रमानें पाहिलें. अस्तर सुदैवानें कोरडें होतें. सील तेवढें बदललें.

खरा दोष तेलाचा होता. गिअर बदलतांना पितळेचें एक कडें फिरत्या चक्राच्या निमुळत्या भागास आवळतें आणि दोन निरनिराळे वेग एक करतें. हें आवळणें घर्षणावरच अवलंबून असतें. जीएल-५ तेलांत गंधक व फॉस्फरस यांचीं द्रव्यें जीएल-४ च्या सुमारें दुप्पट असतात. मागच्या आंसावरील डिफरन्शियलचे दांते एकमेकांवर दाबानें घसरतात, त्यांस तीं तारक होतात. परंतु त्याच निसरडेपणानें पितळेच्या कड्याची पकड सुटते, आणि अशीं कांहीं तेलें पितळासही बाधतात. म्हणून आमच्या पेटींत ८०डब्ल्यू-९० क्रमांकाचें जीएल-४ तेल पडलें. त्याची किंमत अर्थातच कमी होती.

शेजारच्या बोटींत मात्र ४० क्रमांकाचें इंजिनाचें तेल ओततांना पाहून आम्हांस नवल वाटलें. मिस्त्री म्हणाले, "सर, हे दोन आंकडे एका मापाचे नाहींत. गिअरतेलाचें नव्वद हें इंजिनतेलाच्या चाळीस-पन्नासच्या जवळपासच बसतं." शिवाय त्या बोटीच्या पेटींत क्लचच्या चकत्या तेलांतच बुडालेल्या होत्या, तेथें फाजील निसरडें तेल घातल्यास चकत्या घसरतील आणि पंखा फिरणार नाहीं. तेल दुधासारखें पांढरें दिसूं लागलें, तर थंड करणाऱ्या नळींतून खारें पाणी आंत शिरलें असें समजावें. बोटीचे तांडेल इतका वेळ मुकाट्यानें ऐकत होते. ते म्हणाले, "तुमची गाडी अडली तर तुम्ही उतरून चालत जाल. आम्ही दर्यांत कुठं उतरायचं?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मात्र एवढें ध्यानांत आलें कीं, ज्यांचा जीव तेलाच्या निवडीवर अवलंबून आहे, ते 'उत्तम तेल कोणतें?' असें विचारीत नाहींत. 'या पेटीस कोणतें?' असें विचारतात. आमच्या घरांत औषधें, शिकवण्या आणि मुलांचे अभ्यासक्रम 'सर्वांत वरचे' म्हणून निवडले जातात, तेथेंही हाच प्रश्न आधीं विचारला जाईल तर बरें. डब्यावरील आंकडा वाचण्यापूर्वीं पेटींतलें कडें कशाचें आहे, याची चौकशी करावी.