'पायावर का नाही घातली?'

संपादकांचा फोन आला. "मॅडम, पोलीस गोळी कधी चालवतात यावर लिहा. सोपं लिहा, कलमं घालू नका." कलमांवाचून हा विषय मला सांगता येईल असं वाटत नाही, पण हात आखडता ठेवते. निवृत्तीपूर्वी बरीच वर्षं मी नव्या फौजदारांना आणि शिपायांना बळाचा वापर शिकवला. मैदानावर लाठी आणि ढाल, रेंजवर पिस्तूल, वर्गात कायदा. समोरच्याशी बोलावं कसं, हा तास मला वेळापत्रकात घुसवावा लागे आणि कुठे बंदोबस्त लागला की पहिला तोच कापला जाई.

मी पोलिसात होते हे कळलं की लोक एकच प्रश्न विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, इथे महाळुंग्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही विचारतात: "गोळी पायावर का नाही घातली?" विचारणारा सज्जन असतो, त्याला जीव वाचवायचा असतो, म्हणून राग येत नाही. पण आता कंटाळा आलाय, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

धावणाऱ्या माणसाच्या शरीरात सगळ्यात जास्त हलतो तो पाय. पिस्तूल हे मुळात नेम धरायला अवघड हत्यार. रेंजवर शांतपणे उभं राहून गोल फोडणारा शिपाई प्रत्यक्ष प्रसंगात तसा राहत नाही. नाडी वाढते, बोटं जड होतात, नजर आकसून फक्त समोरच्या पात्यावर खिळते. चुकलेली गोळी हवेत विरत नाही. ती डांबरावर आपटून उसळते, पार्किंगमधल्या पत्र्यातून आरपार जाते. आणि समजा लागलीच. मांडीतून मोठी धमनी जाते, ती फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने मरतो. उलट हाडाला न लागता मांसातून निघून गेली तर हातातला कोयता हातातच राहतो. म्हणजे पायावरची गोळी ना दयाळू, ना भरवशाची. माझ्या वर्गात मी सांगत असे की, पायावर भागेल एवढाच धोका असेल तर पिस्तूल काढण्याइतका धोकाच नाही.

इथे एखादा हुशार प्रशिक्षणार्थी हात वर करायचा. "मॅडम, जमावावर गोळीबार करताना तर खालीच नेम धरायचा असतो ना?" बरोबर आहे. देशभरच्या पोलीस महानिरीक्षकांच्या 1964 च्या परिषदेने जी तत्त्वं मान्य केली, त्यांत हेच आहे: आधी इशारा, मग जमावाच्या सर्वांत आक्रमक भागावर, खाली नेम धरून, डोक्यांवरून किंवा हवेत गोळी नाही. हवेतली गोळी कुठेतरी खाली येते आणि गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला लागते. तरी वर्तमानपत्रांत 'पोलिसांचा हवेत गोळीबार' हा मथळा कौतुकाने छापतात. पण जमाव पांगवायचा असतो आणि एकटा हल्लेखोर थांबवायचा असतो. दोन्ही कामं वेगळी, म्हणून नियम वेगळे. आणखी एक सांगते. उत्तर प्रदेशात पायावर गोळी घालण्याला 'हाफ एन्काउंटर' असं नावच पडलं आहे. पायावरची गोळी सौम्य मानली की ती शिक्षा म्हणून वापरायचा मोह होतो. पंगतीतल्या सज्जन प्रश्नाची ती दुसरी बाजू.

आता कलमं, थोडीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 अटकेला विरोध करणाऱ्याविरुद्ध आवश्यक ते उपाय करू देतं. पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला ठार मारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 सांगतं की स्वसंरक्षणातही गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. मुंबईतल्या 1995 ते 1997 मधल्या चकमकींवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात 2014 साली मार्गदर्शक तत्त्वं आली: चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची. 2006 च्या लखनभय्या बनावट चकमक प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये पोलिसांनाच जन्मठेप दिली. तसली प्रकरणं मी माझ्या विषयात धरत नाही. तिथे निर्णय चुकलेला नसतो, निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो.

माझा विषय गोळीच्या आधीच्या दहा मिनिटांचा आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले डेनिस ट्युलर यांनी 1983 साली एक साधा प्रयोग मांडला. सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि तेवढाच वेळ पोलिसाला पिस्तूल काढून झाडायला लागतो. जगभर याचा अर्थ लावला गेला की 21 फुटांच्या आत आला की झाडा. मला त्यातून उलटंच दिसतं. 21 फुटांच्या आत जाऊ नका, जावंच लागलं तर मध्ये काहीतरी ठेवा: गाडी, टेबल, दार. जपानमध्ये पोलीस आणि शाळासुद्धा लांब दांड्याचा दुबेळका ठेवतात, माणसाला दुरून भिंतीशी दाबून धरायला. त्याला 'सासुमाता' म्हणतात. हे नाव सांगितलं की पुढची पाच मिनिटं वर्ग हातातून जायचा.

महाळुंग्यात 21 फूट आणायचे कुठून? 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेलं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलापासून नदीकडे बघितलं तर टॉवरशिवाय काही दिसत नाही. लिफ्टचं दार उघडलं की आठ-दहा फुटांवर फ्लॅटचं दार, अरुंद पॅसेज, मागे जिना. अशाच एका इमारतीत मध्यंतरी एक प्रसंग घडला. मी तिथे निवृत्त शेजारीण म्हणून हजर होते.

तिशीतला मुलगा. नोकरी गेलेली, मानसोपचाराच्या गोळ्या त्याने स्वतःच बंद केलेल्या. वडिलांना बाहेर ढकलून, हातात कोयता घेऊन घरात बसला होता. सोसायटीच्या ग्रुपवर 'कोयता गँग आली' असं पसरलं. 112 वर गेलेल्या फोनमध्येही कोयताच होता, आजार नव्हता. बीट मार्शल आले, पाठोपाठ फौजदार आणि एक वयस्क हवालदार. दार अर्धवट उघडं. हवालदाराने पहिलं काम केलं ते म्हणजे दार पायाने लोटून फटीपुरतं ठेवलं आणि स्वतः भिंतीच्या आड उभा राहिला. पॅसेजमधून सगळ्यांना जिन्यात पिटाळलं. जिन्यातून कुणीतरी ओरडत होतं, "साहेब, उडवा त्याला!" मग हवालदार फटीतून म्हणाला, "दादा, दूध उतू गेल्याचा वास येतोय. गॅस तेवढा बंद कर."

आत बराच वेळ शांतता. मग शेगडीची खुंटी फिरल्याचा आवाज आला.

माझ्या धंद्यात या आवाजाला फार किंमत आहे. 'कोयता टाक' हा हुकूम भेदरलेल्या माणसाला ऐकूच जात नाही. ऐकू गेला तरी टाकला तर आपलं काय होईल, या भीतीने तो मूठ आणखी आवळतो. गॅस बंद कर ही मात्र घरातली गोष्ट, जन्मभर ऐकलेली. तिथे पहिलं 'हो' मिळालं. त्यानंतर पाणी, मग वडिलांचं ब्लडप्रेशर, मग कोणत्या डॉक्टरांकडे जातोस. बोलणारा एकच होता. फौजदार दोन पावलं मागे, हात पिस्तुलावर, तोंड बंद. तो फौजदारही तितकाच बरोबर होता, कारण मुलगा झेपावला असता तर हवालदाराचा जीव त्याच्यावर होता. तसं झालं असतं तर मी त्या गोळीचं समर्थन केलं असतं, हेही लिहून ठेवते. शेवटी कोयता बाथरूममध्ये ठेवून मुलगा बाहेर आला आणि त्याला रुग्णालयात नेलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100 हेच सांगतं. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं.

दुसऱ्या दिवशी आमचे चेअरमन मला म्हणाले, "मॅडम, तासभर पोलीस दुधावर गप्पा मारत बसले हो." स्टेशन डायरीत त्या तासाच्या दोन ओळी झाल्या असतील. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा पंचनामा होतो, न झाडलेल्या गोळीचा कागद कुठेच नसतो. म्हणून हवालदाराला बक्षीस नाही, म्हणून प्रशिक्षणाला पैसा नाही. अमेरिकेत लुइव्हिल शहराच्या पोलिसांना असं प्रशिक्षण दिल्यावर काय झालं, ते संशोधकांनी मोजलं. बळाच्या वापराचे प्रसंग 28 टक्क्यांनी घटले आणि पोलिसांच्या दुखापतीही 36 टक्क्यांनी घटल्या. हा दुसरा आकडा मी वर्गात मोठ्याने सांगत असे. लोकांच्या जिवासाठी न ऐकणारे स्वतःच्या जिवासाठी ऐकतात.

सगळं दुधावर निभतं असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. 25 जानेवारी 2012 ला स्वारगेट आगारातून एसटी पळवून एकाने पुण्याच्या रस्त्यांवर 9 जणांना चिरडलं. तिथे बोलायला ना वेळ होता ना अंतर. 27 ऑक्टोबर 2008, लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस. कुर्ल्यात बेस्टच्या डबलडेकरमध्ये गावठी पिस्तूल घेतलेला पाटण्याचा तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. तो फोन मागत होता, पोलीस आयुक्तांशी बोलायचं म्हणत होता, असं तेव्हा छापून आलं. 30 ऑक्टोबर 2025 ला पवईच्या स्टुडिओत 17 मुलांना ओलीस धरणाऱ्यानेही व्हिडिओत काही लोकांशी बोलायचंय असंच म्हटलं होतं. पोलिसांनी आधी बोलणी केली, मग बाथरूमच्या वाटेने आत शिरले. एक गोळी झाडली गेली. मुलं सुखरूप सुटली, तो मेला. मुलं मध्ये असताना मी काय केलं असतं? बोलणी आणखी किती ताणली असती? घरात बसून याचं उत्तर देणाऱ्या निवृत्तांपैकी मला व्हायचं नाही. पण दोघांनाही बोलायचं होतं, ही गोष्ट मनातून जात नाही.

जमावाबद्दल थोडक्यात. 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले. गॅसचे टँकर पेटतील या भीतीचं समर्थन गुंडेवार आयोगाला पटलं नाही. 9 ऑगस्ट 2011 ला इथून फार लांब नाही अशा बऊरला, पवना जलवाहिनीच्या आंदोलनात 3 शेतकरी गेले. दोन्ही ठिकाणांबद्दल मला विचारलं जातं, आणि मी प्रत्येक वेळी गोळीच्या आधीच्या अर्ध्या तासाबद्दल विचारते: बोलायला कोण पुढे गेलं होतं, ध्वनिक्षेपक होता का, जमावाला मागे जायला वाट मोकळी होती का. विचारणाऱ्याला यात रस नसतो. त्याला दोषी कोण, एवढंच हवं असतं.

आता पोलिसांना करायच्या फोनबद्दल. अमेरिकेत क्लीव्हलँडला 2014 साली फोन करणाऱ्याने सांगितलं होतं की पिस्तूल बहुधा खोटं आहे आणि हातात घेणारा बहुधा लहान मुलगा आहे. नियंत्रण कक्षाकडून हे शब्द गाडीपर्यंत पोचलेच नाहीत. गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांत 12 वर्षांच्या मुलावर गोळी झाडली गेली. तेव्हा तुम्ही कधी 112 लावलात तर हत्याराबरोबर माणूसही सांगा: आजारी आहे का, औषधं चालू आहेत का, घरात आणखी कोण आहे, ओरडतोय की गप्प बसलाय. लिफ्ट खाली थांबवून ठेवा, गेटवर एकजण उभा करा, मोबाईल खिशात ठेवा. आणि नुसतं महाळुंगे म्हणू नका. मुळशीतलं की चाकणजवळचं, तेही सांगा. चाकणजवळच्या महाळुंग्याला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, आणि ते इथून बरंच लांब आहे.