पट्टी खरी, आकडा खोटा

पडद्यावर नकाशा पूर्ण झाला की काम संपलं, असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. खरा कस लागतो तो त्यानंतर, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला नकाशा छापखान्यासाठी एसव्हीजी या व्हेक्टर, म्हणजे रेषाकृती साठवणाऱ्या फाइलीत बाहेर काढताना. नकाशा हा चित्र आहे की हिशेब, याचा निकाल त्या वेळी लागतो.

मी जुन्या संभाजीनगरचा, दरवाजांच्या आतल्या शहराचा, भिंतीवर लावायचा नकाशा करत होतो. प्रमाण 1:5000, कागद ए-1, म्हणजे 841 बाय 594 मिलिमीटर. जमिनीवरचे 5 मीटर म्हणजे कागदावर 1 मिलिमीटर. आपलं शहर 75 अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला साधारण 35 किलोमीटरवर आहे. हा रेखांश यूटीएम या प्रक्षेपण पद्धतीच्या 43व्या पट्ट्याचा मधला, आणि या पद्धतीत मधल्या रेखांशावरचं अंतर मुद्दाम 0.9996 पट धरतात. त्यामुळे आपल्याकडे एका किलोमीटरमागे सुमारे 40 सेंटिमीटर कमी भरतात. माझ्या कागदावर ते 0.08 मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढं. त्या केसावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. त्या का घालवल्या ते विचारू नका. या धंद्यातल्या माणसांना असा एखादा केस लागतोच.

छापखान्याची माझी जुनी धास्ती म्हणजे देवनागरी. फाइलमध्ये अक्षरं अक्षरं म्हणून ठेवली, तर जुनं सॉफ्टवेअर ‘दिल्ली दरवाजा’तली पहिली वेलांटी उचलून भलतीकडे नेऊन ठेवतं आणि ‘किलेअर्क’चा रफार सुटा पडतो. म्हणून सगळ्या अक्षरांच्या मी आधीच रेषाकृती करून टाकतो. अक्षर मग अक्षर राहत नाही, आकार होतो. मोडत नाही आणि सुधारताही येत नाही. 2023 साली शहराचं नाव बदललं तेव्हा जुन्या फाइलींत या शहाणपणाची किंमत मोजली. शोधून बदलायला तिथे शब्दच नव्हता. शिवाय ‘औरंगाबाद’ बसवलं होतं त्या जागेत ‘छत्रपती संभाजीनगर’ मावेना, म्हणून शीर्षकाची सगळी मांडणी नव्यानं केली.

दुसरी धास्ती रंगांची. डोंगराच्या सावल्या खालच्या थरात मिसळून दाखवण्याची सोय एकदा वापरली की तो थर फाइलमध्ये गुपचूप ठिपक्यांचं चित्र होऊन बसतो. नाव व्हेक्टर, आत फोटो. म्हणून फाइल निघाली की मी आधी एखादी रेषा 40 पट मोठी करून पाहतो. कड दातेरी दिसली तर परत मागे. आणखी एक गंमत म्हणजे एसव्हीजीत शून्य डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि आकडे खाली वाढत जातात. नकाशात उत्तरेचे आकडे वर वाढतात. क्यूजीआयएस हा उलटफेर आपणहून करतं. एकदा मी स्वतः स्क्रिप्ट लिहून तो करायला गेलो, तर मकबरा पाणचक्कीच्या दक्षिणेला जाऊन बसला.

एवढी सगळी खबरदारी घेऊन नकाशा छापून आला. देखणा होता. दोन आठवड्यांनी एक निवृत्त भूमापक काका आले. लोखंडी फूटपट्टी खिशातच होती. त्यांनी दरवाजे पाहिले नाहीत, खाम नदी पाहिली नाही. थेट खालच्या कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवली.

“बेटा, एक किलोमीटर किती यायला पाहिजे?”

“20 सेंटिमीटर.”

“पावणेएकोणीस आहे. पट्टी खरी, आकडा खोटा.”

चूक माझीच होती. शेवटचा हात मी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत फिरवला होता. 0.92च्या आधी त्यात एका इंचात 90 पिक्सेल धरायचे, नंतर 96. फाइलमध्ये मी लांबी नुसत्या पिक्सेलमध्ये ठेवली होती, मिलिमीटर लिहिलेच नव्हते. पुढच्या संगणकानं ती 96 च्या हिशेबानं वाचली, आणि 841चा नकाशा 788 मिलिमीटरचा झाला. समास थोडे मोठे दिसले, एवढंच. खरं प्रमाण सुमारे 1:5333. कोपऱ्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवून मोजलं असतं तर किलोमीटरमागे 62 मीटर गायब. पट्टी नकाशाबरोबर आखडते, म्हणून ती कधी फसवत नाही. छापलेला आकडा मात्र जागचा हलत नाही. 40 सेंटिमीटर सांभाळताना हे 62 मीटर माझ्या डोळ्यांदेखत गेले होते.

आता फाइलमध्ये मिलिमीटर लिहितो आणि कोपऱ्यात 100 मिलिमीटरचा एक चौकोन ठेवतो. छापखान्यातल्या माणसाला फोनवर सांगतो, आधी त्याच्यावर पट्टी ठेवा, मग बाकीचं.

पण काका तेवढ्यावर उठले नाहीत. त्यांनी नहर-ए-अंबरी शोधली. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढे जमिनीखालून शहरात पाणी आणलं, तीच ही. ती बहुतेक ठिकाणी दिसत नाही. दिसतात ते मधले मनोरे. मी मनोरे ठिपक्यांनी दाखवले होते आणि ते जोडणारी रेषा सरळ, सलग, 0.2 मिलिमीटर जाडीची. छापून आल्यावर ती खाम नदीच्या काठापेक्षाही ठाम दिसत होती. काठ मी स्वतः चालत जाऊन नोंदवलेला. नहर नुसती अंदाजानं.

“हे तू पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही काका.”

त्यांनी दोन ठिपक्यांच्या मध्ये शिसपेन्सिलीनं एक वळण काढलं, बोटानं थोडं पुसलं आणि पुन्हा काढलं. पेन्सिलीची रेघ असेल अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे त्या आखडलेल्या नकाशावर जमिनीचे अडीच मीटरांहून थोडे जास्त. पुढच्या छपाईत मी नहर तुटक रेषेनं काढली, मनोऱ्यांपाशी गडद आणि मधे फिकट. काकांचं वळण त्यात घेतलं आणि तिथली रेष सगळ्यांत फिकट ठेवली.